देवाजीभाऊचा ड्रम आणि सुमनबाईचा कोसा

भातावर बुरशी आली की तुम्ही नाक मुरडून तो भात टाकून देता. आमच्याकडे भातावर बुरशी आली नाही तर साहेबांची बोलणी बसायची. मी उभी नोकरी बुरशी वाढवण्यात घालवली. सासरी हे सांगायची सोय नव्हती. सासूबाई शेजारणींना "सून शेतकी खात्यात आहे" एवढंच सांगत आणि घाईघाईने लोणच्याचा विषय काढत.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका राइस मिलच्या मागे आमची प्रयोगशाळा होती. प्रयोगशाळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काहीतरी चकचकीत येतं. आमची म्हणजे थोडी स्वच्छ खानावळच. मिलमधून कणी आणायची, धुवायची, अर्धवट शिजवायची, पिशव्यांत भरायची आणि मोठ्या कुकरसारख्या यंत्रात वाफेवर निर्जंतुक करायची. गार झाली की आत बुरशीचं बीज सोडायचं. काही दिवसांत कणीवर पांढरा कापूस धरतो, मग तो हळूहळू हिरवा होत जातो. पूर्ण हिरवा झाला की वाळवून पूड करायची. तो आमचा माल. पुस्तकातलं नाव मेटारायझियम, पण शेतकऱ्यांसाठी ती नुसती हिरवी बुरशी आणि मी बुरशीवाली मॅडम. बाजारात कुणी लांबून "ओ बुरशीवाल्या मॅडम!" अशी हाक मारली की ओळख नसलेले लोक दोन पावलं मागे सरत.

ही पूड पाण्यात कालवून धानावर फवारायची. धानाच्या बुंध्याशी तुडतुडे नावाचे तपकिरी किडे बसतात आणि रस पिऊन पीक करपवतात. बुरशीचा कण तुडतुड्याच्या अंगाला चिकटतो, कातडी भेदून आत शिरतो, आतच वाढतो आणि आत विष सोडतो. किडा लुळा पडतो, मरतो, आणि त्याच्या कलेवरावर पुन्हा हिरवी पूड उगवते. शेतकऱ्याला एवढं सांगितलं की तो खूश व्हायचा. फक्त "विष" हा शब्द निघाला की पुढचा प्रश्न ठरलेला. "मंग ते तांदळात उतरन का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर असं की बुरशी हे विष किड्याच्या अंगात बनवते, तेही अगदी थोडं. मेलेला किडा मातीत पडला की मातीतले जीवजंतू ते खाऊन मोडून टाकतात. दाण्यात ते साठत नाही. आमचे एक साहेब मात्र एवढं समजावत बसायचे नाहीत. ते शेतकरी मेळाव्यात सरळ चिमूटभर हिरवी पूड तोंडात टाकायचे आणि हात पसरून "बघा, उभा आहे!" म्हणायचे. टाळ्या पडायच्या. नंतर जीपमध्ये चंद्रपूरपर्यंत शिंका देत बसायचे, ते मी आणि ड्रायव्हर सोडून कुणाला माहीत नव्हतं. मला ती पद्धत कधीच पटली नाही. एक साहेब मेले नाहीत यावरून एवढंच कळतं की एक साहेब मेले नाहीत.

आमच्या पत्रकावर मोठ्या अक्षरात छापलेलं असायचं की ही बुरशी माणूस, जनावर, पक्षी आणि मासे यांना निर्धोक आहे. ते खोटं नव्हतं. पण ते लिहिणारे जिथे बसत तिथून आमची जंगलं फार लांब होती. पत्रकात काय नाही, हे मला ज्या गावात नीट कळलं, त्याची ही गोष्ट.

गाव वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात. खरं नाव सांगत नाही, चिचटोला म्हणू. गावाला एक जुना मोठा तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि बांध्यांना लागून येनाचं रान. येन म्हणजे पुस्तकातला ऐन. या झाडांवर ढिवर कुटुंबं कोसा, म्हणजे टसर रेशीम, घेतात. उन्हाळ्यात तलावावर जाळी टाकणारी हीच माणसं पावसाळा सरत आला की येनाखाली मुक्काम ठोकतात, कारण कोशाची अळी घरात नाही, उघड्या रानात झाडावर वाढते. बोटाएवढी जाड, हिरवीगार, अंगावर मोत्यासारखे ठिपके. तिच्यावर पाखरांचा डोळा, मुंग्यांचा डोळा, म्हणून दिवसभर गुलेल घेऊन राखण करायची. अळी झाडावर असली की यांचे नियम कडक. डोक्याला तेल नाही, पायात चप्पल नाही, आणि रानात पाऊल टाकायच्या आधी तलावात डुबकी मारून धुतलेलं कापड नेसायचं. पाहुणा असो, जावई असो, आधी डुबकी.

या गावातल्या शेतकरी गटाचे प्रमुख देवाजीभाऊ. उंच, हाडकुळे, आणि कुणाची टिंगल केल्याशिवाय घशाखाली चहा न उतरणारे. त्यांनी आमच्याकडे प्रशिक्षण घेतलं होतं. तेव्हा पाकिटं सगळ्यांना पुरत नसत, म्हणून आम्ही एक सोपी पद्धत शिकवायचो. ड्रममध्ये गुळाचं पाणी करायचं, त्यात थोडी हिरवी पूड सोडायची, ढवळत राहायचं आणि काही दिवसांत ताजं-ताजं फवारून मोकळं व्हायचं. देवाजीभाऊंनी सगळं जसंच्या तसं केलं, फक्त "ताजं" हा शब्द त्यांच्या मनाला पटला नाही. ज्या मुलखात मोहफूल मुरल्याशिवाय कामाचं नाही हे पाळण्यातल्या पोराला कळतं, तिथे गुळाचं पाणी ताजं कोण वापरणार? त्यांनी दोन ड्रम झाकण लावून गोठ्याच्या मागे ठेवले आणि मुरू दिले.

गडचिरोलीत दारूबंदी. गुळाचा आंबूस वास गावभर सुटला तेव्हा काय झालं असेल ते सांगायला नको. मी प्रयोगशाळेत कणी चाळत होते, तेवढ्यात तिथल्या पोलीस जमादारांचा फोन आला.

"मॅडम, तुमचा एक मानूस पकडला. दोन ड्रम सडवा हाय त्याच्याकडं. म्हनते का बुरशी हाय. असा बहाना आमी पयल्यांदाच आयकून राह्यलो."

मोहफुलाचं किंवा गुळाचं दारूसाठी आंबवलेलं पाणी, त्याला इकडे सडवा म्हणतात. मी होते तशी स्कूटर काढली आणि वैनगंगेचा पूल ओलांडला.

गोठ्यामागे निम्मं गाव जमलं होतं. देवाजीभाऊ खाटेवर बसून होते आणि जमादार ड्रममध्ये वाकून वास घेत होते. मी झाकण उचललं. वर काळपट हिरवी साय, खाली तांबडं गढूळ पाणी. ताज्या ड्रमला असा रंग नसतो.

"दारू हाय का नाई, एका शब्दात सांगा," जमादार म्हणाले.

"नाई."

"पक्कं?"

"पक्कं. पन पिऊन पाहू नोका."

त्यांचं बोट पाण्याच्या अगदी जवळ गेलं होतं, ते त्यांनी झटकन मागे घेतलं. मग थोडे खट्टू होऊन म्हणाले, "दारू नसन तं मंग ओतून देऊ न. आमचा बी टाइम वाचन, याचा बी." आणि सवयीने त्यांनी ड्रमला पाय लावला. सडव्याचे ड्रम जागच्या जागी लवंडायचे, हे त्यांचं रोजचं काम.

गोठ्यामागून उतार होता. उतार पाटात, पाट बांध्यांमध्ये, बांध्यांतलं जास्तीचं पाणी नाल्याने खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, जिथे ढिवरांची माशांची पिल्लं वाढत होती. मी दोन्ही हातांनी ड्रम धरला. "ओतू नोका!"

"दारू असती तं ओतू देल्ली असती का?"

"हो."

"आन दारू नाई म्हनून ओतू नाई देत?"

"हो."

जमादारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. देवाजीभाऊ खाटेवरून ओरडले, "मॅडम, फवारू नोका म्हनान, ओतू नोका म्हनता, मंग आता याची आरती करू का?"

सगळे हसले. मलाही हसू आलं, पण आतून मी चरकले होते. इथे थोडं समजावून सांगते. कणीवर वाढवली की बुरशी मुख्यतः पूड बनवते, म्हणजे स्वतःचं बी. विष ती किड्याच्या आत गेल्यावर काढते. पाण्याच्या ड्रममध्ये मात्र गूळ संपला, जागा संपली की ती तेच विष पाण्यात सोडत बसते. जितके दिवस मुरेल तितकं जास्त. शिवाय कुठल्या-कुठल्या बिनबोलावलेल्या बुरशा आणि जंतू आत शिरतात ते वेगळंच. आमच्या पत्रकात लिहिलेलं निर्धोकपण पाकिटातल्या पुडीचं होतं. या ड्रममध्ये तयार विष किती आहे, हे मला माहीत नव्हतं. आमच्या सूक्ष्मदर्शकात बुरशी दिसायची, विष मोजता यायचं नाही. मोठ्या ठिकाणी नमुना पाठवला असता तर उत्तर येईपर्यंत धान कापून झाला असता.

जमादार गेले आणि गर्दीतून सुमनबाई पुढे आली. पन्नाशीची, अंगाने बारीक, केस तेलाविना भुरभुरलेले, खांद्याला गुलेल. येनाच्या रानातून तमाशा बघायला धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, आली होती. माझी तिची तलावावरची जुनी ओळख.

"बाई, इतक्या दुरून आल्या तं मायी अळी पाह्याले चाला. तलावात एक डुबकी मारा, मी धुतलेलं लुगडं देतो."

मला जायचं होतं. इतकी वर्षं येनाच्या रानाजवळून ये-जा केली, पण अळी झाडावर असताना आत कधी गेले नव्हते. तरी मी म्हटलं, "आज नोको, सुमनबाई."

तिचा चेहरा उतरला. "हो न. मॅडमले आमच्या तलावाचं पानी चालत नसन. लुगडं बी."

हे मला फार लागलं. मी तिचा हात धरणार होते, पण हात पुढे करून मागे घेतला, आणि तिला ते आणखीच वाईट दिसलं असणार. मग सरळ सांगून टाकलं. "सकाळपासून मी ते हिरवी पूड चाळून राह्यली होतो. माया केसात हाय, पदराले हाय, चपलेले हाय. एका डुबकीनं नाई जात ते. मानसाले नाई काई करत. पन तुडतुड्याले मारते तशी अळीले बी मारते. त्या बुरशीले काय समजते का कोनती कीड आन कोनता कोसा?"

सुमनबाईने माझ्याकडे बघितलं, मग ड्रमकडे, मग धुऱ्यापलीकडच्या आपल्या झाडांकडे. तिच्या पहिल्या झाडापासून देवाजीभाऊंची बांधी एका धुऱ्याच्या अंतरावर होती.

"मंग देवाजी, हे तू माया झाडाच्या बाजूले फवारनार होता?"

"मॅडमनंच सांगतलं होतं, कोनालेच काई होत नाई," देवाजीभाऊ म्हणाले. "पत्रकावर बी लिवलं हाय."

माणूस होता पत्रकात, जनावर होतं, पक्षी होते, मासे होते. येनावरचा कोसा नव्हता.

सुमनबाईची भीती नुसती तिच्या पिकापुरती नव्हती. गावातल्या सगळ्या ढिवर घरांचं कोशाचं बी तिच्याकडे असायचं. चांगले कोसे निवडून ती घरात टांगून ठेवायची, त्यातून पतंग निघाले की अंडी सगळ्यांना वाटायची. पिढ्यान्‌पिढ्या गावच्या हवेला रुळलेलं बी होतं ते. या मोसमातली तिची अळी मेली असती तर गावाचं बी गेलं असतं, आणि बाहेरून आणलेली अंडी इथे टिकत नाहीत असा त्यांचा अनुभव होता.

तिकडे देवाजीभाऊंच्या बांधीत तुडतुडे खरोखरच वाढले होते. मी बुंधे हलवून बघितले, पाण्यावर टपटप पडत होते. ते म्हणाले, "मंग दुकानातलं जहर मारू का? ते तं वाऱ्यानं जाऊन सगळी झाडं साफ करन." दोघंही माझ्याकडे बघत उभे राहिले. हो किंवा नाही, एवढंच त्यांना हवं होतं, आणि माझा होता तो नुसता अंदाज; कोशाच्या अळीवर ना ड्रमचं पाणी कुणी तपासलं होतं, ना पाकिटातली पूड.

शेवटी मी म्हटलं, "थोड्या अळ्या द्या, सुमनबाई. त्याईच्यावरच पाहू."

"माया अळीवर?"

"तुमच्याच अळीवर."

ती मागे वळली आणि निघून गेली. मला वाटलं आता परत येत नाही. पण बऱ्याच वेळाने ती ओल्या लुगड्याने येनाची एक फांदी घेऊन आली. फांदीवर अळ्या होत्या, पानं खात होत्या. फांदी तिने धुऱ्यावर ठेवली आणि म्हणाली, "निवडल्या नाई मी. जे हाताले आल्या त्या आनल्या. पसंद करून मराले कशी देऊ?"

अळ्यांच्या तीन टोपल्या केल्या. एकीतली पानं ड्रमच्या पाण्यात बुचकळायची, दुसरीतली पाकिटातली पूड कालवलेल्या पाण्यात, तिसरीतली नुसत्या तलावाच्या पाण्यात. पण ठेवायच्या कुठे? पहिल्या दोन टोपल्यांना हात लावेल त्याने येनाच्या रानात पाय ठेवायचा नव्हता. म्हणून टोपल्या देवाजीभाऊंच्या पडवीत गेल्या, आणि आयुष्यभर अळी दिसली की चिरडणारे देवाजीभाऊ अळ्यांचे आईबाप झाले. मी रोज जाऊन बघायची. हा माणूस टोपल्या मांडलेल्या खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवून मुंग्या अडवत होता आणि बायको जेवायला हाका मारतेय तर "थांब, याईचं खानं चालू हाय" म्हणत होता. सुमनबाई धुऱ्यापलीकडून ओरडून विचारायची.

"जित्या हायत का गा?"

"खाऊन राह्यल्या! बायकोपेक्षा जास्त खाऊन राह्यल्या!"

ड्रमच्या पाण्याच्या टोपलीबद्दल मात्र त्यांना पहिल्याच सकाळी गंमत सुचेना. मला फोन केला तेव्हा आवाज ओळखू आला नाही. मी गेले तर त्या टोपलीतल्या अळ्यांनी पान सोडलं होतं. अंग ढिलं पडलेलं, मागच्या पायांनी काडीला लटकलेल्या, स्पर्श केला तरी हलत नव्हत्या. संध्याकाळपर्यंत एकेक करून खाली पडल्या. इतक्या लवकर बुरशी आत शिरून वाढूच शकत नाही. म्हणजे हे पाण्यातलं तयार विष होतं.

पाकिटाच्या पुडीवाल्या अळ्या पुढचे काही दिवस मजेत खात होत्या. देवाजीभाऊंना आशा वाटू लागली. मला नव्हती. मग त्या मंदावल्या, मेल्या, कडक झाल्या आणि त्यांच्या अंगावर माझ्या ओळखीची हिरवी पूड उगवली. ज्या रंगावर माझी नोकरी चालली, तो रंग मला त्या दिवशी बघवला नाही. तलावाच्या पाण्याच्या टोपलीतल्या तेवढ्या खात राहिल्या, तट्ट फुगल्या आणि काड्यांना कोसे विणू लागल्या.

देवाजीभाऊ पडवीत उकिडवे बसले होते. "मॅडम, तुडतुडा मेला तं मले आनंद होते. हे पाह्यलं तं जेवन नाई गेलं." मग म्हणाले, "मी म्हनलं होतं, मुरू देऊ, भल्ला जोर येईन. जोर तं आला."

ड्रमचं काय करायचं ते मी ठरवलं होतं. गावाबाहेर उंचवट्यावर, पाण्याच्या वाटेपासून दूर, खड्डा खणून घेतला. तळाला शेण आणि तणस, म्हणजे भाताचा पेंढा, त्यावर थोडं-थोडं ड्रमचं पाणी, पुन्हा शेण, पुन्हा माती. हे विष अमर नाही, ही त्याच्यातली चांगली गोष्ट. जिवंत मातीत ते टिकत नाही, मातीतले जंतू त्याला मोडून टाकतात. वाहत्या पाण्यात पडलं तर मात्र मोडायच्या आधी जाऊन कुणालातरी भेटतं. खड्डा बुजवताना जमादारही येऊन उभे होते. दारू नसलेली वस्तू इतक्या बंदोबस्तात पुरताना त्यांनी पहिल्यांदाच बघितली असेल.

आता प्रश्न धानाचा राहिला होता. तुडतुड्याला बुंध्याशी ओल लागते. बांधीतलं पाणी काढून टाकलं, ओळी बाजूला सारून मधे पट्टे मोकळे केले आणि ऊन-वारा आत शिरू दिला की त्याचं बस्तान हलतं. बुरशीपेक्षा जुना, कुणीही न विकणारा उपाय. पण दाणा भरायच्या दिवसांत उभ्या बांधीतलं पाणी सोडायला देवाजीभाऊंचा जीव होईना. पुन्हा पाणी हवं तेव्हा तलावातून पाळी मिळाली नाही तर? तलावात पाणी राखायचं ही मासेमारांची गरज, आणि दर वर्षी त्यावरून शेतकऱ्यांची त्यांच्याशी तोंडातोंडी व्हायची.

सुमनबाई दुसऱ्या दिवशी मासेमार सोसायटीच्या लोकांना घेऊन धुऱ्यावर आली. "पानी सोड तू," ती देवाजीभाऊंना म्हणाली. "एक पाळी जास्तीची देऊ तुले. मासे थोडे दाटीनं राह्यतीन." आणि एवढ्यावर न थांबता त्यांच्यातले निम्मे लोक बांधीत उतरले, हाताने धान बाजूला सारत पट्टे पाडू लागले. दिवसभर चिखलात वाकून माझी कंबर धरली, पण मला इतका आनंद कुठल्या पुरस्काराने झाला नसता. मला पुरस्कार कधी मिळाला नाही म्हणून असं वाटतं, असं आमचे हे म्हणतात.

एका कोपऱ्यातला धान करपला. बाकी उभा राहिला.

त्यानंतर प्रत्येक प्रशिक्षणात मी दोन वाक्यं जास्तीची सांगू लागले. ड्रम मुरवू नका, आणि कोसा झाडावर असेल त्या रानाजवळ ही बुरशी अजिबात नेऊ नका. शिंका देणारे साहेब चिडले. म्हणाले, "बाई, आधीच लोक घाबरतात, तुम्ही आणखी घाबरवा." मी म्हटलं, "साहेब, घाबरत नाहीत, विचारतात." पत्रक बदलायला पुढे बराच काळ गेला. ड्रममध्ये नेमकं किती विष होतं हे मला आजही सांगता येत नाही, आणि त्याची चुटपुट आहे. निदान एक साधं यंत्र असतं तर त्या अळ्या वाचल्या असत्या. बाकी माझी बुरशीबद्दल तक्रार नाही. रासायनिक औषधाच्या वासाने चक्कर येऊन पडलेले किती फवारणारे मी पाहिले आहेत, आणि माझ्या पुडीने एकालाही कधी दवाखान्यात धाडलं नाही. फक्त कुठे न्यायची आणि कुठे नाही, हे तिला कळत नाही. ते आपण तिच्यासाठी लक्षात ठेवायचं.

दिवाळीच्या तोंडावर सुमनबाईचा निरोप आला. कोसा तोडणी आहे, या. पहिल्या तोडणीला रानातल्या पहिल्या येनाखाली पूजा असते. झाडावरून उतरवलेले पहिले कोसे मांडायचे, नारळ फोडायचा, मग सगळ्यांनी प्रसाद घेऊन तोडणीला लागायचं. मी रविवारी गेले. आदल्या दिवशी प्रयोगशाळेकडे फिरकले नव्हते, केस धुतले होते, कपाटातली न वापरलेली साडी नेसले होते. वाटलं, आता अळी संपली, आज आत जायला मिळणार.

धुऱ्यावर पोचले आणि वर बघितलं. बहुतेक झाडांवर कोसे लटकत होते, पण मागच्या एका झाडावर मागे राहिलेल्या अळ्या अजून पानं खात होत्या. सुमनबाईने आतून हात केला, "या न बाई!" मी धुऱ्यावरूनच मान हलवली आणि त्या झाडाकडे बोट दाखवलं. साडी नवी होती, पण पर्स रोजचीच होती, चपलाही. शेंडीपासून नखापर्यंत मी स्वतःची खात्री देऊ शकत नव्हते, आणि जिथे खात्री नाही तिथे न जाणं हेच तर मी गावाला सांगितलं होतं. मी धुऱ्यावर बसले.

आत थोडी कुजबूज झाली. मग बघते तो काय, सगळे येनाच्या रानातून बाहेर येऊ लागले. कुणाच्या हातात कोशांची टोपली, कुणाच्या हातात नारळ, कुणी पाट आणला, कुणी तांब्या. देवाजीभाऊ आपल्या बांधीतून आले. पाट माझ्यासमोर धुऱ्यावर मांडला, त्यावर कोसे ठेवले. पूजा आजवर झाडाखालीच होत आली होती हे मला माहीत होतं. मी संकोचून म्हटलं, "सुमनबाई, असं नोका करू. देवाची जागा तिथी हाय."

"देवाले सांगतलं न बाई," ती नारळ हातात तोलत म्हणाली. "यावर्षी धुऱ्यावर ये म्हनलं. आमच्या मॅडम आत नाई येत."